कपाटातल्या गाड्यांचा क्रम

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यात असताना पकडला, हे कोणी विचारलं तर मला माझ्या जुन्या हवालदाराला फोन करावा लागेल, आणि तोही आता निवृत्त होऊन नातवंडं सांभाळतो. पण वरठीच्या एका घरातलं प्रकरण मात्र कोणी न विचारताही आठवतं. त्यातली माणसं अजून हयात आहेत, म्हणून नावं लिहीत नाही. तपास करणारा मीच होतो, त्यामुळे जे लिहितोय ते ऐकीव नाही.

गोंदिया वेगळा झाला आणि भंडारा जिल्हा अर्धा उरला, त्यानंतर काही वर्षांनी मी तिथे ठाणेदार होतो. जिल्हा अर्धा झाला म्हणून काम अर्धं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझी खुर्ची घेऊन पाहावी. फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी वरठीहून निरोप आला, की लोखंडाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरात पडून मरण पावले आहेत. आमच्याकडे अकस्मात मृत्यूला मर्ग म्हणतात. ठाणे अंमलदाराने मर्ग दाखल केला आणि मी हवालदाराला घेऊन निघालो.

घर छोटं, पण नीटनेटकं होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. म्हातारबाबा समोरच्या खोलीत लोखंडी पलंगाच्या पायथ्याशी पडले होते. डोक्याच्या मागच्या बाजूला जखम, पलंगाच्या कोपऱ्याला रक्त. पुढचं दार आतून बंद होतं, मागचं नुसतं ओढलेलं. पंखा जोरात फिरत होता.

"साहेब, एवढ्या गारव्यात कोणी एवढा पंखा लावते का?" हवालदार म्हणाला. मी ते पंचनाम्यात लिहायला सांगितलं. लिहायचं सगळं, अर्थ मागाहून लावायचा, ही माझी पद्धत होती.

आणि त्याच खोलीत, पलंगासमोर, ते काचेचं कपाट होतं. त्यात ओळीने मोटारी लावलेल्या. खेळणी म्हणावीत तर मन धजेना, कारण वीतभर लांबीच्या त्या गाड्यांना खरे उघडणारे दरवाजे होते, आत चामड्यासारखी दिसणारी आसनं होती, चाकांना बारीक तारा होत्या. सगळ्या जुन्या अमेरिकन गाड्या. तिकडचे श्रीमंत लोक वापरत तसल्या. लांबलचक नाक, भरपूर चकचकाट, काहींना मागे माशाच्या शेपटीसारखे पंख. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला ती उच्चारताही येत नव्हती. मी आयुष्यात सायकल, स्कूटर आणि सरकारी जीप, एवढंच चालवलं आहे.

कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या माणसाला हा शौक कुठून लागला, हे मला तेव्हा कोडंच होतं. कपाटात सगळं जागच्या जागी होतं. एकही गाडी पडलेली नव्हती, काच शाबूत होती. झटापट झाली असती तर सर्वांत आधी हे कपाट हललं असतं, असा मी अंदाज बांधला. म्हातारा माणूस, रक्तदाबाची गोळी चालू, तोल गेला असेल. फोटो काढले, पंचांच्या सह्या घेतल्या आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

घरात एक सून होती, तेवढीच. मुलगा काही वर्षांपूर्वी आजाराने गेला होता, नात नागपूरला वसतिगृहात. सूनबाई जवळच्याच जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. त्यांनीच संध्याकाळी मागच्या दाराने येऊन पाहिलं होतं. त्या दिवशी त्या रडत नव्हत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत होत्या. न रडणाऱ्या बाईकडे लोक कसे पाहतात हे मी तीस वर्षं पाहिलं आहे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, पण आजूबाजूच्यांना वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्काराला साकोलीचे एक चष्म्याचे दुकानदार आले होते. चाळिशीचे, स्वच्छ कपडे, बोलणं मऊ. बाबांना ते काका म्हणत. दोघांना एकच वेड, या छोट्या गाड्या जमवायचं. जिल्ह्यात असं वेड असलेली माणसं ही दोनच, त्यामुळे महिन्यातून एखाद्या रविवारी ते वरठीला येत आणि दोघं दुपारभर कपाटापुढे बसत. ते मनापासून रडले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मी कपाट पाहिलं. सगळ्या गाड्या आहेत. पण लोकांची ये-जा आहे, कोणाला हात लावू देऊ नका."

मला माणूस भला वाटला.

शवविच्छेदनाचा अभिप्राय आला आणि प्रकरणाने वळण घेतलं. मी स्वतः वैद्यकीय अधिकाऱ्यांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, "डोक्याचा मार पडण्याचाही असू शकतो. पण दोन्ही मनगटांवर बोटांचे वळ आहेत. कोणीतरी घट्ट धरलं होतं. आणि उजव्या तळहातावर बारीक चिरा आहेत, पातळ पत्रा ओढून घेतल्यासारख्या." मग म्हणाले, "आणि ते लगेच गेलेले नाहीत. आत हळूहळू रक्त साचत गेलंय. बराच वेळ जिवंत होते."

"दवाखान्यात आणलं असतं तर?"

"वेळेत आणलं असतं तर वाचायची शक्यता होती. तसं मी लिहून देईन."

मर्ग बाजूला पडला आणि अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल झाला. त्याच दिवशी ठाण्यात फोन आला. आवाज दाबून बोललेला, तोंडावर रुमाल असावा.

"सायेब, वरठीचा म्हातारा पडून नाई मेला. सुनेनं मारला त्याले. दुपारी घरी येऊन गेली ते. गल्लीले इचारा."

फोन ठेवला गेला. आवाज कोणाचा ते हवालदाराने तासाभरात काढलं. तो बाबांचा पुतण्या होता, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. त्याला बोलावलं तर त्याने नाकारलं नाही, उलट छाती काढून सांगितलं, की काकांच्या घरावर सुनेचा डोळा होता, दादा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यापासून तिला म्हातारा नकोसा झाला होता. गल्लीत विचारलं तर दोन बायांनी सांगितलं, की हो, बाई मधल्या सुट्टीत घरी आल्या होत्या, दारात उभ्या होत्या. आत गेल्या की नाही, ते त्यांनी पाहिलं नव्हतं. पण पुतण्याने त्यांच्या वतीने तेही पाहून टाकलं होतं. लोकांना एक दार आणि एक बाई दिसली की पुढची गोष्ट ते स्वतःच रचतात.

मी सूनबाईंना ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली.

"बाई, त्या दिवशी दुपारी तुम्ही घरी आला होता?"

"हो साहेब, आली होती. डबा घरीच राहिला होता."

"हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं नाही."

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही इचारलं, का संध्याकाळी काय पाहिलं."

खरंच होतं ते. मी पुढे विचारलं, "मग आत गेलात?"

"नाही. दार आतून लावलं होतं. मी कडी वाजवली, 'बाबा, बाबा' म्हणून आवाज देला. ते जेवण झाल्यावर गोळी घेऊन झोपतेत. मले वाटलं झोपले असतीन, म्हाताऱ्या माणसाले कायले उठवू. तशीच वापस गेली."

"मागच्या दाराने का नाही गेलात?"

"सुट्टी संपून राहिली होती साहेब."

तीन वेळा वेगवेगळ्या प्रकारे विचारलं, तीनही वेळा तेच उत्तर. पाठ केलेलं उत्तर शब्दाला शब्द तेच येतं. यांचे शब्द बदलत होते, गोष्ट बदलत नव्हती. मला त्या खऱ्या वाटत होत्या, पण वाटण्याला तपासात काही किंमत नसते. त्यांच्या बाजूने एकही साक्षीदार नव्हता. उलट त्या वेळी दारात असलेली, घराची वारस असलेली आणि मृताला शेवटी पाहणारी व्यक्ती त्याच होत्या. वरून विचारणा सुरू झाली. अटक का नाही? स्थानिक वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. शाळेत पालकांनी कुजबुज सुरू केली. सरकारी नोकर कोठडीत गेला की निलंबन ठरलेलं, आणि त्या घरात मिळवतं माणूस दुसरं कोणी नव्हतं. नात वसतिगृहातून परत आली असती ती आईला पोलीस घेऊन गेल्याचं ऐकूनच.

अटकेआधी एकदा त्यांना घरी नेऊन सगळं पुन्हा समजून घ्यावं, असं मी ठरवलं. घराला आमचं सील होतं, तोवर त्या मैत्रिणीकडे राहत होत्या. सील काढून आत गेलो. त्यांनी संध्याकाळी कुठून आल्या, कुठे थांबल्या, ते दाखवलं. मग कपाटापुढे आल्या.

"साहेब, हे असं नाही राहत."

"काय असं नाही राहत?"

"गाड्या. कोणीतरी हालवल्या हायेत. ही लाल गाडी बाबांनी रिटायर झाले तवा घेतली, ते शेवटी राहते. आता पाहा कुठं हाय. आन् ही निळी आमच्या लग्नाची. ते पहिल्या रांगेत होती. आन् बाबांची ते रंगवलेली गाडी तर दिसूनच नाही राहिली."

हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, आपलं ध्यान दुसरीकडं नेऊन राहिली." मलाही क्षणभर तसं वाटलं. पण मी विचारलं, "लग्नाची म्हणजे?"

तेव्हा कळलं. घरात काही चांगलं झालं की बाबा एक गाडी आणत. मुलगा दहावी झाला, एक गाडी. त्याला नोकरी लागली, एक. लग्न झालं, नात झाली, घराला स्लॅब पडला, प्रत्येकाची एकेक. कपाटात त्या त्याच क्रमाने उभ्या असत. बाबांना गाडी कोणत्या सालची याच्याशी देणंघेणं नव्हतं, आपल्या घरात ती कधी आली एवढंच ते मोजत. रोज शाळेतून आल्यावर बाई कपाट पुसत आणि प्रत्येक गाडी जागच्या जागी ठेवत.

"पुरावा आहे काही?"

त्यांनी आतल्या खोलीतून नातीच्या वाढदिवसाचा फोटो आणला. केक कापणारी मुलगी, शेजारी आजोबा, आणि मागे कपाट, स्पष्ट. मी आमचा पंचनाम्याचा फोटो त्याच्या बाजूला धरला. गाड्या त्याच, पण क्रम पूर्ण वेगळा. आणि आमच्या फोटोत एक गाडी कमी.

मग मी हातरुमाल घेऊन कपाटातली पहिली गाडी उलटी केली. पोटावर बारीक अक्षरांत ती मूळ गाडी ज्या साली निघाली ते साल कोरलेलं होतं. दुसरी उलटी केली, तिसरी केली. साल चढत गेलं. सबंध ओळीत एकही गाडी मागेपुढे नव्हती. सर्वांत जुनी पहिल्या जागी, सर्वांत नवी शेवटी.

हवालदार माझ्याकडे बघायला लागला. घरात घुसलेला चोर साल वाचून गाड्या लावत नाही. सासऱ्याला ढकलणारी सूनही नाही, कारण ती त्या रोज ठेवते तशाच ठेवेल. कोणीतरी एक गाडी नेली होती आणि तिची रिकामी जागा दिसू नये म्हणून बाकीच्या सगळ्या काढून पुन्हा लावल्या होत्या. लावताना त्याच्या हातून त्या आपोआप त्याला बरोबर वाटणाऱ्या क्रमाने लागल्या. असे हात जिल्ह्यात दोनच माणसांचे होते, आणि त्यांतला एक मेला होता.

साकोलीला एक साधा शिपाई साध्या कपड्यांत पाठवला. त्या दिवशी दुपारी चष्म्याचं दुकान बंद होतं, एवढं शेजारच्या दुकानदाराने सहज सांगितलं. मग मी चष्मेवाल्यांना निरोप पाठवला, की गाड्या मुद्देमालात घ्यायच्या आहेत, आमच्यात कोणाला त्यांतलं कळत नाही, तुम्ही येऊन ओळख पटवून द्याल का? ते दुसऱ्याच दिवशी आले. हौसेने आले.

मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळ्या गाड्या वाटेल तशा ठेवल्या होत्या. ते बघताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"साहेब, अशा नका ठेवू, रंग जाईल. स्वच्छ फडकं मिळेल का?"

फडकं दिलं. मी समोर बसून चहा पीत इकडच्या तिकडच्या गप्पा करत होतो. धंदा कसा चाललाय, नागझिऱ्याला पर्यटक येतात का. ते उत्तरं देत होते आणि हात चालू होते. एकही गाडी उलटी करून बघायची त्यांना गरज पडली नाही. एक उचलायची, फडक्याने पुसायची, सरळ करायची, मग पुढची. डावीकडून उजवीकडे ओळ तयार होत गेली. आणि मध्यावर आल्यावर त्यांनी एका गाडीएवढी जागा सोडली आणि पुढची गाडी त्या जागेपलीकडे ठेवली.

मी कप खाली ठेवला. "इथली कोणती?"

"अं?"

"इथे जागा सोडलीत. इथे कोणती गाडी असते?"

त्यांनी स्वतःच लावलेल्या ओळीकडे पाहिलं. तोंडचं पाणी पळणं म्हणतात ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

"अंत्यसंस्काराच्या दिवशी तुम्हीच मला म्हणालात, कपाट पाहिलं, सगळ्या आहेत."

"गडबडीत पाहिलं साहेब, मला नीट..."

"तुम्ही गडबडीत पाहत नाही. आत्ता पाहिलं मी."

मी वाढदिवसाचा फोटो आणि आमचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. जोरात बोललो नाही. चौकशीत ओरडणं हे उत्तर ठाऊक नसलेल्याचं काम. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले. मग त्या ओळीतली एक गाडी थोडी वाकडी होती ती बोटाने सरळ केली आणि बोलायला लागले.

"ती गाडी मी माझ्यासाठी मागवली होती साहेब. फार शोधून मिळाली होती. काका मागेच लागले, मला ही एकच दे, पुन्हा काही मागणार नाही. म्हणून दिली. त्या दिवशी नागपूरचं काम आटपून वाटेत सहज गेलो. गेलो तर काय, त्यांनी तिला एनॅमल पेंट फासला होता. ब्रशने! मूळ रंग दुधाळ होता, त्यावर काळपट हिरवा. छप्पर कापून उघडं केलं होतं. मागच्या सीटवर पुट्टीचा एक बाहुला बसवला होता, धोतर नेसलेला. मी म्हटलं, काका, हे काय केलं तुम्ही? काय नास केला हा! तर ते हसायला लागले. म्हणाले, 'माझा बाप बसला त्याच्यात आता.'"

"मग?"

"मी गाडी ओढली. ते सोडेनात. मला राग आवरला नाही. मनगट धरून सोडवली आणि ढकललं. ते पलंगावर आपटले. कपाट उघडंच होतं, झटापटीत काही गाड्या खाली पडल्या होत्या."

"आणि मग तुम्ही गाड्या उचलल्या."

"हो."

"काका?"

"त्यांचा श्वास चालू होता. घशातून आवाज येत होता." त्यांनी मान खाली घातली. "मी म्हटलं, आधी हे नीट करू. मग कोणी तरी कडी वाजवली. 'बाबा, बाबा' म्हणून बाईचा आवाज आला. काकांच्या घशाचा आवाज बाहेर जाईल म्हणून मी पंखा मोठा केला. ती गेली. मग राहिलेल्या गाड्या लावल्या आणि मागच्या दाराने निघालो."

माझ्या खोलीत त्यांच्याखेरीज मी आणि हवालदार असे दोघंच होतो. हवालदार उठून खिडकीशी गेला. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्याने काय काय पाहिलं असेल, पण तो खिडकीशी गेला. मला त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. काढला नाही, एवढंच. एक म्हातारा माणूस पायाशी शेवटचे श्वास घेत होता आणि हा गाड्या सालवार लावत होता, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. आजही नीटसं शिरत नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे वाचकांना ठाऊक असेलच. म्हणून पंचांसमोर निवेदन पंचनामा केला, म्हणजे गाडी कुठे ठेवली आहे ते त्याच्याच तोंडून लिहून घेतलं, आणि त्याला घेऊन साकोलीला गेलो. दुकानामागे काचा घासायची छोटी खोली होती. तिथल्या कपाटातून त्याने स्वतःच्या हाताने गाडी काढून दिली. तिच्या एका अंगाचा हिरवा रंग द्रावणाने घासून काढलेला होता, खालचा दुधाळ रंग दिसत होता. दुसरं अंग अजून हिरवंच होतं. इतक्या दिवसांत तो रोज दुकान बंद केल्यावर बसून ती पूर्ववत करत होता. पुट्टीचा बाहुला चष्म्याच्या एका डबीत मखमलीवर ठेवलेला निघाला.

"हा कशाला ठेवलास?" आता मी अहोजाहो सोडलं होतं.

"टाकवला नाही साहेब."

मुद्देमालाची ओळख पटवायला सूनबाईंना बोलावलं. गाडी त्यांनी लगेच ओळखली. डबी उघडली तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे आमचे आजेसासरे होत साहेब. बाबांनी ओट्यावर बसून केले. धोतराले मीच पांढरा सूत देला होता."

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझं कोडं सुटलं. बाबांच्या लहानपणी त्यांच्या गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, अशीच एक अमेरिकन गाडी होती, काळपट हिरवी, वरून उघडी. तो तलाव पाहायला पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, येई आणि चिखलात गाडी रुतली की खालच्या वस्तीतल्या माणसांना ढकलायला बोलावणं जाई. बाबांचे वडील खांदा लावून ढकलत. गाडी निघाली की जिथे जिथे त्यांचे हात लागले तिथे पाणी ओतून ती धुतली जाई, आणि ते पाणीही त्यांनाच तलावातून आणून द्यावं लागे. बाबांनी हे पोरवयात पाळीवर उभं राहून पाहिलं होतं. पुढे छप्पन साल आलं, घर बौद्ध झालं, बाबा कारखान्यात लागले, मुलगा शिकला. पण ती गाडी त्यांच्या मनातून गेली नव्हती.

"शेवटची इच्छा म्हणाले होते, बापाले एकदा बसवाचं हाय त्याच्यात," बाई म्हणाल्या. "मी हासली होती."

आरोपीने पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर स्वेच्छेने कबुलीजबाब दिला आणि त्यात कडीचा प्रसंग जसाच्या तसा आला. त्या जबाबामुळे सूनबाई संशयातून पूर्ण बाहेर पडल्या. त्या दारात आल्या होत्या, आत गेल्या नव्हत्या, हे आरोपीच्याच तोंडून सिद्ध झालं. दोषारोपपत्र दाखल करायच्या आधी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं. कोर्टात पहिल्यांदा ऐकावं लागू नये, असं मला वाटलं. तुम्ही खरं बोलत होता, आता ते रेकॉर्डवर आलं, असं मी म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पंखा मोठा केल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी वर छताकडे पाहिलं. मग मला चहा दिला. आभार मानले नाहीत, आणि ते का मानले नाहीत, हे मला परतताना जीपमध्ये कळलं.

भंडाऱ्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. बचावाचे वकील हुशार होते. ढकलणं त्यांना नाकारता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मृत्यूची जबाबदारी वाटून द्यायचा मार्ग धरला. सूनबाई साक्षीच्या पिंजऱ्यात असताना त्यांनी विचारलं, "तुम्ही कडी वाजवली तेव्हा तुमचे सासरे जिवंत होते. डॉक्टरांनी सांगितलंय, वेळेत उपचार मिळाले असते तर वाचले असते. म्हणजे तुम्ही परत न जाता मागच्या दाराने आत गेला असता, तर ते वाचले असते. बरोबर?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीश काही बोलायच्या आत बाईंनी उत्तर दिलं.

"हो. बरोबर हाय."

त्यांचा आवाज चढला नाही की कापला नाही. वर्गात फळ्यावरचं गणित तपासून बरोबर म्हणावं, तसं म्हणाल्या. मागच्या बाकावर पुतण्या बसला होता, त्याने चेहरा हातांत लपवला.

आरोपीला सदोष मनुष्यवधात शिक्षा झाली. ढकलण्याला कायद्यात कलम आहे, त्याची शिक्षा त्याला मिळाली. गाड्या सालवार लावण्यात गेलेल्या त्या वेळेचं काय करायचं, हे न्यायाधीशांनाही सापडलं नसावं. निकालपत्रात त्याबद्दल एक खेदाचं वाक्य आहे, तेवढंच.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होतो. लोक येऊन माझं अभिनंदन करत होते. बाई पायऱ्यांपाशी रिक्षाची वाट पाहत होत्या. पुतण्या त्यांच्याजवळ गेला, हात जोडले. माझ्यापासून चार पावलांवर होते, म्हणून ऐकू आलं.

"वहिनी, मले माफ करा. मी लय वंगाळ बोललो तुमाले. तुम्ही मारलं म्हणून सांगत फिरलो."

त्या त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "तू बोलून राहिला होता तवा मले पक्कं माहीत होतं, का मी नाही मारलं. म्हणून तुझा राग नाही आला बाबू. आता नाही माहीत."

रिक्षा आली, त्या बसून निघून गेल्या. पुतण्या हात जोडून तिथेच उभा राहिला. त्या तपासासाठी मला त्या वर्षी प्रशस्तिपत्र मिळालं. ते घ्यायला गेलो तेव्हा मला टाळ्यांचा आनंद झाला नाही, उगीच का खोटं बोलू. कोणी केलं, हे शोधायला खात्याने मला शिकवलं होतं आणि ते काम मला बरं जमत होतं. माझ्यामुळे झालं का, या प्रश्नाचा तपास मात्र कोणत्याच ठाण्यात होत नाही. तो तपास माणूस घरी एकट्याने करतो, त्याला साक्षीदार नसतात, वकील नसतो, आणि भल्या माणसाच्या बाबतीत निकाल जवळजवळ नेहमीच त्याच्याविरुद्ध जातो.